बिनफोडणीचं जेवण

आमच्या घरातल्या पुरुषांच्या डोळ्यांवर हळद असायची. खरी हळद नव्हे. वरच्या पापणीवर, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका. बाबांच्या दोन्ही डोळ्यांवर होता, आणि थोरल्या काकांच्या तर खालच्या पापण्यांवरसुद्धा. देवानेच हळद लावून पाठवलेली माणसं, असं माझी आत्या म्हणायची आणि वर 'खाण तशी माती' असं जोडून द्यायची. दादा दहावीला असताना त्याच्या पापणीवर तो ठिपका उगवला, तेव्हा आईने वाडीत गूळ वाटला.

मला ठिपका नव्हता. मी आईवर गेले होते, रंगाने आणि तोंडानेही. लहान असताना एकदा मी डब्यातली हळद पाण्यात कालवून पापण्यांना फासली आणि अंगणात मिरवले. डोळे असे झोंबले की विचारू नका. आईने हसत हसत पाणी मारून धुतलं आणि म्हणाली, "तुला कशाला गो ती, बाय? तू उद्या दुसऱ्याच्या घरची." मला त्या दिवशी फार राग आला होता.

काका मुंबईला चाळीचा जिना चढता चढता गेले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बाबा कामावर, उभे होते ते खाली बसले आणि गेले. पंचेचाळिशी दोघांनीही पाहिली नाही. गावाचं निदान तयार होतं: त्या घरच्या पुरुषांना मुंबईचं पाणी बाधतं. तेच पाणी पिऊन बाकीच्या घरांतले बाप्ये म्हातारे होऊन परत येत होते, काठी टेकत देवळात बसत होते, पण हा हिशेब कुणी मांडला नाही. आईने तर नाहीच. तिने एकच ठरवलं, की बाबू, म्हणजे आमचा दादा, मुंबईला जायचा नाही. तो रत्नागिरीत शिकेल, मास्तर होईल आणि डोळ्यांसमोर राहील. तिचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर टेकलेलं होतं.

दादा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेला तेव्हा मलाही रत्नागिरीला पाठवलं. शिकायला पाठवलं असं मी मैत्रिणींना सांगायचे. खरं म्हणजे दादाला कुणीतरी रांधून घालावं म्हणून पाठवलं होतं. कॉलेजात माझं नाव घातलं ते मी रडून घातलं.

स्टँडपासून थोडं आत, चिऱ्याच्या एका घराच्या मागच्या बाजूला, माडीवर आमची खोली होती. एक स्टोव्ह, दोन चटया आणि दादाची पुस्तकं. आठवड्यातून दोनदा आई डबा पाठवायची. गावातून सकाळी सुटणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे फडक्यात बांधलेला डबा द्यायचा, तो हातखंब्यावरून रत्नागिरीत यायचा, आणि आम्ही स्टँडवर जाऊन घ्यायचा. तेव्हा निम्म्या रत्नागिरीतली पोरं अशीच जेवत होती. एसटी उशिरा आली की स्टँडवर उपाशी पोरांची रांग लागायची.

डब्यात काय असायचं? तेलात बुडालेली सुकी मासळी. वडे. खोबऱ्याचं घट्ट वाटप घातलेली आमटी, वर तेलाचा थर. तळलेले फणसाचे गरे. अंडी. आम्ही लहान असताना घरात असं काही नव्हतं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, कधी सुकट, आणि तेल म्हणजे बोटाने चाटायची गोष्ट. मग बाबांची नोकरी पक्की झाली आणि घरात तेलाचा डबा आला. तेव्हापासून आईच्या लेखी तेल म्हणजे चांगले दिवस. बाबा गेल्यावर तिने स्वतःच्या ताटातलं तेल काढलं आणि दादाच्या ताटात घातलं. बापामागे पोराला काही कमी पडलं असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी.

आणि दादा? गावात असताना तो डोंगर चढून शाळेत जायचा, गुरं वळायचा, लावणीच्या दिवसांत चिखलात राबायचा. रत्नागिरीत आला आणि साहेब झाला. वर्गात बसायचं, मग कॅन्टीनमध्ये बसायचं, मग मित्राच्या खोलीवर पत्ते कुटत बसायचं. कॅन्टीनमध्ये बटाटावडा, त्यावर चहा, त्यावर सिगारेट. शर्टाला येणारा वास तो लपवायचाही नाही. "अभ्यास करताना डोकं चालतं," म्हणायचा. त्याच्या टोळीतल्या एकाचंही डोकं त्याने चाललेलं मी पाहिलं नाही. पण खरं सांगते, मला तेव्हा त्याचा हेवाच वाटायचा. मुलींना कॅन्टीनमध्ये बसायची सोय नव्हती.

दादा तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. विषय हृदयविकार. आता हृदय म्हटल्यावर कॉलेजातली पोरं काय करणार? मागच्या बाकांवरून उसासे, खोकले, 'अगंबाई' असे आवाज. डॉक्टर शांतपणे बोलत राहिले. हा म्हाताऱ्यांचा आजार आहे असं समजू नका, म्हणाले. चाळिशीत जो कोसळतो त्याची तयारी तुमच्या वयात सुरू झालेली असते. तुम्ही जे खाता, जे ओढता, जितकं बसून राहता, ते सगळं रक्तवाहिन्यांत साठत जातं. हे ऐकून पोरांनी आणखी उसासे टाकले. व्याख्यान संपल्यावर प्राचार्यांनी डॉक्टरांसाठी कॅन्टीनमधून वडे मागवले होते आणि डॉक्टरांनी ते नको म्हटलं नाही, हेही मला आठवतं.

पण त्याआधी आभाराचा कार्यक्रम झाला. आभार मानायचं काम दादाकडे होतं. त्याचा आवाज चांगला होता आणि त्याला स्टेजवर मिरवायला आवडायचं. त्याने भाषण ठोकलं आणि शाल आणि नारळ घेऊन डॉक्टरांपुढे वाकला. डॉक्टरांनी नारळ घेतला, तो टेबलावर ठेवला, आणि सगळ्या सभागृहासमोर दादाची हनुवटी धरून त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं. टोळीने शिट्ट्या वाजवल्या. मुलगी बघायला आल्यासारखे डॉक्टर त्याचे डोळे बघत होते. मी मुलींच्या बाजूला पहिल्या रांगेत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"वडील काय करतात?"

"वारले, सर."

"कशाने?"

"मुंबईला होते," दादा म्हणाला. जणू ते उत्तरच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी दादाची टाच चाचपून पाहिली, टाचेमागची जाड शीर दोन बोटांत धरली, मला दाखवली. ती गाठाळ झाली होती. रक्त तपासायला पाठवलं. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी कागद आमच्यापुढे ठेवला.

"ही हळद नाही," ते म्हणाले. ठिपक्याची गोष्ट मीच त्यांना मघाशी कौतुकाने सांगितली होती. "ही रक्तातली चरबी आहे. आत मावत नाही म्हणून वर आली आहे. तुमच्या घराण्यात रक्तातच ती जास्त आहे. वडिलांना होती, काकांना होती. मुंबईचा काही संबंध नाही."

दादाने विचारलं, "म्हणजे मीही?"

डॉक्टर सरळ हो म्हणाले नाहीत. यावर आमच्याकडे फारसं औषध नाही, म्हणाले, पण तुझं वय लहान आहे. सिगारेट आजपासून बंद. रोज चालायचं. तळण, खोबरं, अंडं, तूप, सगळं बंद. आमटीला फोडणीसुद्धा नको. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भावंडांनाही असू शकतं. हिचंही रक्त बघून घ्या." दादा म्हणाला, "हिला खूण नाही, सर." मीही मान हलवली. नंतर बघू म्हटलं, आणि ते नंतर राहूनच गेलं.

खोलीवर परत येताना वाटेत मी रडले, दादा रडला नाही. मला वाटलं, त्याने ऐकलं नसेल. पण त्याने ऐकलं होतं. पुढचे कितीतरी दिवस तो वर्गात बसल्या बसल्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायचा. टोळीला कळलं तेव्हा त्यांनी त्याचं नाव 'पेशंट' ठेवलं. मग तो चिडून कॅन्टीनमध्ये गेला आणि सगळ्यांच्या देखत दोन वडे खाल्ले. वड्यांनी नाव पुसलं जात नाही, हे त्याला कोण सांगणार!

एका संध्याकाळी तो म्हणाला, "चल, दीपगृहाकडे जाऊन येऊ." चढ लागला आणि तो एकदम धावायला लागला. मी मागून हाका मारत होते. माझी चप्पल तुटली, ती हातात घेऊन मी अनवाणी चढले. वर पोचले तेव्हा तो कठड्याशी बसला होता, एक हात छातीवर, तोंड लालबुंद.

"काय नाय झालं," तो धापा टाकत म्हणाला. "बग. काय नाय झालं. मी चढलो."

खाली समुद्र होता, होड्या बंदराकडे परतत होत्या. त्याने खिशातून सिगारेट काढली. मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि कठड्यावरून फेकली. त्याने मला शिवी दिली. मीही दिली. मग पहिल्यांदाच तो हळू आवाजात म्हणाला, "आयेला काय सांगायचं?"

हाच खरा प्रश्न होता. खोलीत मी फोडणीशिवाय रांधू लागले होते. बेचव लागायचं, तरी आम्ही गिळत होतो. पण आठवड्यातून दोनदा डबा येत होताच. तो उघडला की खोलीभर वास सुटायचा आणि दादाचं तोंड लहान मुलासारखं व्हायचं. डबा परत पाठवायची सोय नव्हती. आईला काय वाटेल? कंडक्टर काय म्हणेल? टोळीला वाटून टाक, म्हटलं, तर दादा म्हणायचा, आईच्या हातचं दुसऱ्याला कसं देऊ? आणि खायचा. मी बघत बसायचे. प्रत्येक घासाला मी मनातल्या मनात आईशी भांडायचे, जिने काहीही वाईट केलं नव्हतं.

शेवटी एका शनिवारी आम्ही एसटीने घरी गेलो. आईने आम्हाला येताना पाहिलं आणि चुलीवर कढई चढवली. तेल तापायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. सांगायची पद्धत माझी आहेच तशी, उचललं आणि आदळलं. डॉक्टर असं म्हणाले, बाबा असे गेले, काका तसे गेले, दादाच्या रक्तातही आहे, आजपासून तळण बंद, फोडणी बंद.

आई ऐकत होती. फोडणी बंद म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"फोडनी कधी बंद असते, ठावं हाय ना तुला?"

मला ठाऊक होतं. घरात कुणी गेलं की सुतकाचे दिवस फोडणी देत नाहीत. कढई चढत नाही, देवापुढे दिवा लागत नाही, दारात रांगोळी पडत नाही. बाबांच्या वेळी आम्ही तसंच जेवलो होतो, नुसतं उकडलेलं.

"माजा पोरगा माज्यासमोर बसलाय," आई म्हणाली. "जित्या पोराला मी सुतकाचं जेवान वाढू? तो डॉक्टर कोन? त्याला आयस हाय का नाय?"

मी ओरडले. बाबांना तूच तेल खाऊ घालून मारलंस, असं मला बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. देवाची कृपा, की दादा आधी बोलला.

"आये, मी मुंबईला गेलो नाय. मुंबईचं पानी मी प्यालो नाय. तरी माज्यात हाय ते."

आईने हातातला झारा खाली ठेवला. तिने त्याच्याकडे बघितलं. मग उठून त्याच्याजवळ आली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, थुंकीने ओलं केलं आणि त्याच्या पापणीवरचा ठिपका पुसायला लागली. हळू, मग जोराने. दादा डोळा मिटून बसून राहिला. पापणी लाल झाली. ठिपका तिथेच होता. ज्या ठिपक्यासाठी तिने गूळ वाटला होता तो ठिपका.

त्या दिवशी ती जेवली नाही. तापलेलं तेल चुलीवरून उतरवून ठेवलं आणि घरामागच्या परड्यात जाऊन बसली. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "जा, बाय. मला जरा बसू दे." मी पहिल्यांदा तिला म्हातारी झालेली पाहिली.

रविवारी दुपारी तिने आम्हाला जेवायला हाक मारली. स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थांबले. देवापुढे दिवा लावलेला होता, भर दुपारी. जमीन ताजी सारवली होती. दादाच्या पाटासमोर ताट होतं आणि आई खाली वाकून त्या ताटाभोवती रांगोळी काढत होती. बाबा गेल्यापासून तिने रांगोळीच्या डब्याला हात लावला नव्हता. ते काम माझ्यावर आलं होतं. तिच्या बोटांची सवय गेली होती, रेघ मध्येच तुटत होती, ती पुन्हा जोडत होती. कुंकू मात्र तिने स्वतः लावलं नाही. मला म्हणाली, "त्याला टिळा लाव. तुज्या हातानं."

मी टिळा लावला. मग तिने वाढलं. नाचणीची भाकरी, भात, कुळथाचं पातळ कळण, उकडलेली भाजी. कशालाच फोडणी नव्हती.

"देवाला दिसू दे," ती म्हणाली, "ह्ये सुतकाचं नाय. सणाचं हाय." आणि तोंड फिरवून चुलीकडे बघत बसली. दादा मान खाली घालून जेवला. एवढं सावकाश जेवताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर डब्यातलं तेल गेलं. डब्याबरोबर कागदाची एक पुडी यायला लागली. तिच्यात रांगोळी असायची. रोज ताटाभोवती काढ, असा निरोप कंडक्टरकडून आला आणि तो सगळ्या स्टँडने ऐकला. मला कोण वैताग! सकाळची प्रॅक्टिकलं, दुपारी स्वयंपाक, आणि त्यात भाड्याच्या खोलीत लाटसाहेबासाठी रांगोळी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण काढत होते. घाईत काढलेली, वाकडीतिकडी, कधी नुसतं गोल. दादाचे मित्र आले की हसायचे. एक दिवस त्यांच्यातलाच एक, जाडजूड, बापाचं दुकान असलेला, जिना चढून आला आणि दम लागून दारात बसला. "मलापण काढ गो एक," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

दादाने सिगारेट सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. शर्टाचा वास घेऊन मला कळायचं, आणि आमची भांडणं व्हायची. ऊन उतरल्यावर तो भाट्याच्या पुलापर्यंत चालून यायचा. परत येईपर्यंत माझं पुस्तकात लक्ष लागायचं नाही. दारात त्याची पावलं वाजली की मी पान उलटायचे, वाचत असल्यासारखी. बी. एस्सी. झाला, मास्तरकीचा अर्ज भरला. तो खोकला तरी मी दचकायचे. आई गावाला दचकत असेल. आम्ही तिघं असे दचकत जगत होतो, आणि यालाच सवय झाली असं म्हणत होतो.

पुढच्या वर्षी सुट्टीत आम्ही घरी गेलो. दुपारी जेवायला बसलो. दिवा लावलेला होता. आईने दादाच्या ताटाभोवती रांगोळी काढली. आता तिची रेघ तुटत नव्हती. मी पाटावर बसून भुकेने कळवळत होते आणि लवकर वाढ म्हणून कुरकुरत होते. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून ऊन येत होतं. ती तशीच बघत राहिली.

मग ती गुडघ्यांवर सरकत माझ्या बाजूला आली. रांगोळीचा डबा तिच्या हातातच होता. वाकून तिने माझ्या ताटाभोवती रेघ ओढायला सुरुवात केली.

"माझ्या कशाला?" मी म्हटलं. मी हसलेही असेन. मग मी दादाकडे पाहिलं. तो माझ्या डोळ्यांकडे बघत होता, आणि मी बघितल्यावर त्याने मान खाली घातली.

माझं बोट आपोआप पापणीकडे गेलं. नाकाजवळच्या कोपऱ्यात काहीतरी मऊ लागलं.

आईने रेघ पुरी केली. "जेव, बाय," ती म्हणाली, आणि माझ्या भातावर बिनफोडणीची आमटी वाढली. दादाची पापणी तिने पदराने पुसून पाहिली होती. माझी पुसली नाही.